दर्या आणि दऱ्या

रूवीत तिसऱ्या मजल्यावर एसी गळतो,
थेंब बादलीत पडत राहतात,
आणि मी फरामर्ज लारीला माझी लिपी सांगते आहे.
त्याला तपशील हवाय. कौतुक नको, म्हणाला, क्रम सांग.

लिही मग. आमची अक्षरं रेघेवर उभी राहत नाहीत,
रेघेला लोंबतात,
काठीला वाळत घातलेल्या बोंबलांसारखी.
तो म्हणतो, आमची पाण्यासारखी, उजवीकडून डावीकडे.
बरं. म्हणजे दोघंही किनाऱ्याचे.

ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागाहून,
साठवणीतही मागाहून,
पडद्यावर मात्र अक्षराच्या आधी येऊन बसते,
लग्नात पुढची खुर्ची धरणाऱ्या आत्याबाईसारखी.
तिला उचलून पुढे न्यायचं काम यंत्राचं.
माझ्या बोटांना त्यात ओढू नकोस.

प्रत्येक व्यंजनाच्या पोटात एक अ असतो, न लिहिलेला.
पाय मोडला की तो सांडतो.
मोडलेला पाय कुठे ठेवता?
त्यालाही क्रमांक आहे, फरामर्ज.
आणि कधी कधी त्याच्या पुढे एक चिन्ह येतं,
ज्याला रुंदीच नाही. दिसत नाही, पण धरून ठेवतं.
तो हसला. आमच्याकडे असंच एक आहे, म्हणाला,
ते सोडवतं.

आता र. खुर्ची जवळ घे.
तुझ्याच नावात तो ज-च्या डोक्यावर चढून बसलाय, बघ.
आम्ही रफार म्हणतो.
पण आमच्या र-ला दुसरी चाल आहे,
य आणि ह-च्या आधी कधी कधी तो वर जात नाही,
ओळीतच राहतो, बारीक, वाकडा.
धड नावसुद्धा ठेवलेलं नाही आम्ही त्याला.
इंग्रजी कागदांत पापणी म्हणतात.

मी दोन शब्द लिहिले.
पहिला वाचून दाखवला आणि तो थबकला.
दर्या? हा तर आमचा.
असेल. आला असेल खजुराच्या गलबतातून,
वेंगुर्ल्याला उतरला आणि परत गेला नाही.
आणि दुसरा?
दऱ्या. तुमच्या वाद्या, डोंगरांमधल्या, कोरड्या.

म्हणून सांगते.
गेल्या मार्चमध्ये इब्रीपलीकडच्या कॅम्पवर आपण सूचना पाठवली.
मी लिहिलं होतं: दऱ्यांत उतरू नका, लोंढा येतो.
वाटेत कुठल्याशा साफसफाईत
ऱ-खालचा ठिपका धूळ समजून पुसला गेला.
भिंतीवर लागलं: दर्यांत उतरू नका.

धाकू तांडेलचा फोन आला, वेल्डर, आमच्याच बाजूचा.
मॅडम, दर्या हितून दोनशे किलोमीटर.
मनाई करायची तर आधी रजा तरी द्या.
मागे सगळी बराक हसत होती. मीही हसले.
चौथ्या दिवशी वादी भरून आली.
माणूस कुणी गेलं नाही.
एक पिकअप गेली, कांद्याच्या गोण्यांसकट.
त्या रात्री मी ती ओळ पुन्हा पुन्हा टंकत बसले,
ठिपक्यासह, ठिपक्याविना.

फरामर्जने बराच वेळ काही विचारलं नाही.
खिडकीतून रूवीचे उघडे डोंगर,
त्यांच्यापलीकडे मत्रहचा धक्का, जो इथून दिसत नाही.
मग त्याने तपशिलात लिहिलं:
र, मोडलेला पाय, य. समुद्र.
ऱ, मोडलेला पाय, य. डोंगरांमधली जागा.
ठिपका कधीही गाळू नये.
खाली रेघ मारली, आमच्यासारखी वर नाही.

चालवून पाहिलं.
पडद्यावर पापणी उमटली,
शेजारी कर्सर लवत होता.

बादली भरली होती. तो ती उचलून दाराशी गेला,
वळून म्हणाला,
मी येईपर्यंत तुमच्या ल-चं चित्र काढून ठेव,
देठाखाली दोन गोल म्हणतेस तो.
आणि ळ-चंही. तो मला अजून बोलता येत नाही.